आधी छाती तपासा, मग भीतीवरही उपचार करा



समजा, घरातल्या कर्त्या माणसाला दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली, नळीत स्टेंट बसला, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तो पुन्हा कामावर जाऊ लागला. एके रात्री तो अंथरुणात ताडकन उठून बसतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, अंगाला दरदरून घाम सुटतो, बोटांना मुंग्या येतात. "मी आता काही वाचत नाही," असे म्हणू लागतो. घरची मंडळी शेजाऱ्याला उठवतात, रिक्षा करतात, इस्पितळ गाठतात. ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते. काही तास थांबवून घेतल्यावर डॉक्टर सांगतात, "हृदयाला काही झालेले नाही. घाबरलेत. घरी न्या."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रिक्षा, पुन्हा जागरण, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्या वेळी मुलगा वैतागतो आणि म्हणतो, "बाबा, काही झालेलं नाही तुम्हाला. झोपा गपचूप." खरा धोका इथेच आहे. ज्याच्या हृदयाच्या नळ्या एकदा अरुंद झाल्या आहेत, त्याला त्या तिसऱ्या रात्री खरोखरचा हार्ट अटॅकही आलेला असू शकतो.

अशा घरांत दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे "हा नुसता घाबरतो" असे ठरवून खऱ्या दुखण्याकडे काणाडोळा करणे. दुसरी चूक म्हणजे हृदय ठीक आहे असे कळल्यावर भीतीला आजारच न मानणे. पहिल्या चुकीने माणूस दगावतो. दुसऱ्या चुकीने तो जिवंत राहूनही जगायचे सोडून देतो. या दोन्ही चुका कशा टाळायच्या, तेवढेच आज पाहू.

नळ्या कडक होतात म्हणजे काय?

हृदय हा रक्त ढकलणारा स्नायूंचा पंप आहे. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला कोरोनरी नावाच्या रक्तवाहिन्यांतून मिळते. त्यांच्या तीन मोठ्या शाखा हृदयाच्या अंगावरून जातात. तरुणपणी या नळ्या लवचिक असतात. वाढते वय, बिडी-सिगारेट, तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातले जादा कोलेस्टेरॉल आणि घराण्यातला वारसा यांमुळे नळीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली, चरबीचा थर साचत जातो. त्यात कॅल्शियम जमते. भिंत जाड आणि टणक होते, आतली वाट अरुंद होते. बोलीभाषेत आपण याला 'ब्लॉकेज' म्हणतो.

माणूस बसलेला असताना अरुंद वाटेनेही रक्त पुरते. पण जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना किंवा भरल्या पोटी भरभर चालताना हृदयाला जास्त रक्त लागते. ते मिळाले नाही की छाती आवळल्यासारखी होते. थांबून विसावा घेतला की काही मिनिटांत बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. नळीतल्या थराला तडा गेला आणि त्यावर रक्ताची गुठळी धरून वाट बंद झाली, तर पुढच्या स्नायूला रक्तच मिळत नाही आणि तो मरू लागतो. हाच हार्ट अटॅक.

आपल्या भागात हे दुखणे लवकर गाठते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचे मध्यम वय भारत व आसपासच्या देशांत ५३ वर्षे आढळले. इतर देशांत ते सुमारे ५९ होते. म्हणजे मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने आणि घराचे हप्ते चालू असतानाच हे संकट दारात येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासात हार्ट अटॅकला कारण ठरणाऱ्या नऊ मोठ्या गोष्टींत मनावरचा ताण ही एक गोष्ट होती.

भीतीचा झटका म्हणजे काय?

भीती वाटणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. अंगावर गाडी आली तर क्षणात बाजूला उडी मारता यावी, म्हणून शरीराने ठेवलेली ती धोक्याची घंटा आहे. ती वाजली की मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धावते, रक्तदाब चढतो, श्वास वाढतो, घाम फुटतो. काही माणसांत ही घंटा गाडी नसतानाच वाजते. त्याला भीतीचा झटका किंवा पॅनिक अटॅक म्हणतात.

हा झटका अचानक येतो आणि साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो. छातीत धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणे, गळा दाटणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, अंगाला मुंग्या, गरम किंवा गार वाटणे, आजूबाजूचे सारे परके वाटणे, आपण वेडे होणार किंवा मरणार अशी खात्री वाटणे, अशी त्याची लक्षणे आहेत. सगळीच एका वेळी असतील असे नाही. बहुधा अर्ध्या तासात झटका ओसरतो आणि माणूस थकून जातो. असे झटके वारंवार येऊ लागले आणि महिनाभर 'पुन्हा येईल का' याच धास्तीने माणूस कामधाम, प्रवास, गर्दी टाळू लागला, तर तो पक्का आजार झाला असे समजावे.

हे दुखणे आजचे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांपैकी तीनशेवर जणांचा अभ्यास करून डॉ. दा कोस्टा यांनी १८७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. या सैनिकांना धडधड होई, छातीत दुखे, धाप लागे, पण तपासणीत हृदय धड असे. त्या वेळी त्याला 'चिडखोर हृदय' म्हटले गेले. पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या यादीत पॅनिकच्या आजाराला वेगळे स्थान दिले. तोफेच्या तोंडी उभे राहणारे सैनिकही यातून सुटले नाहीत. तेव्हा आपल्या घरातल्या माणसाला 'भित्रा' म्हणण्यात काही अर्थ नाही.

एकाच छातीत दोन दुखणी

पुष्कळांची समजूत अशी असते की दुखणे एक तर हृदयाचे असेल, नाही तर मनाचे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच माणसाला असू शकतात आणि ती एकमेकांना वाढवतात.

इंग्लंडमधील नामवंत शल्यचिकित्सक जॉन हंटर यांचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. देवीची लस काढणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचेच शिष्य. हंटर यांना कित्येक वर्षे अंजायनाचा त्रास होता. राग आला किंवा मन अस्वस्थ झाले की छातीत कळ येई. मला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचे ते बोलत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळातील बैठकीत त्यांचा विरोधकांशी खटका उडाला. ते उठून बाहेर गेले आणि कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या. नळ्या आधीच खराब होत्या, मनाच्या खळबळीने घाव घातला.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. भीतीच्या वेळी हृदय वेगाने धावते, म्हणजे त्याला जास्त रक्त लागते. निरोगी नळी ते पुरवते, कडक नळी पुरवू शकत नाही. त्यातच माणूस भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते आणि काहींच्या हृदयाच्या नळ्या आणखी आकसतात. म्हणजे भीतीने सुरू झालेला झटका खऱ्या अंजायनावर जाऊन पोहोचू शकतो. उलट, अंजायनाची साधी कळ आली तरी 'आता मेलो' या विचाराने भीतीचा झटका उसळतो. कोण आधी आणि कोण मागून, हे रात्री दोन वाजता घरी बसून सांगता येत नाही.

कॅनडातील माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये छातीत दुखते म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या ४४१ रुग्णांची तपासणी करण्यात आली होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांतील १०८ जणांना, म्हणजे सुमारे चारातल्या एकाला, पॅनिकचा आजार होता. लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे. या पॅनिकच्या रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना हृदयाच्या नळ्यांचा आजारही आधीपासून होता. आणि तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या लक्षात पॅनिकचा आजार जवळजवळ कोणाच्याच बाबतीत आलेला नव्हता. म्हणून 'ईसीजी चांगला आहे, घरी जा' एवढ्यावर समाधान मानू नये. मग हे कशामुळे होते, असे आपणच विचारले पाहिजे.

ओळखायचे कसे?

काही खुणा उपयोगी पडतात. श्रम केल्यावर छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे होणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात, मानेत किंवा पाठीत जाणे, थांबल्यावर बरे वाटणे, ही हृदयाची खूण. विसावा घेऊनही कळ पंधरा-वीस मिनिटे टिकणे, गार घाम येणे, उलटी होणे, ही हार्ट अटॅकची खूण. स्वस्थ बसलेले असताना अचानक सुरू होणे, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी टोचणे, बोटांना मुंग्या येणे, वेड लागेल असे वाटणे, या गोष्टी भीतीच्या झटक्यात जास्त दिसतात.

पण या खुणा पक्क्या नाहीत. हार्ट अटॅक झोपेतही येतो. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप लागते, मळमळते, पोटात जळजळते किंवा अंगातले त्राण जाते. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई "जीव घाबराघुबरा होतोय" म्हणाली की, "उपाशी असशील, चहा घे," एवढ्यावर तिची बोळवण होते. स्त्रियांचा हार्ट अटॅक उशिरा ओळखला जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून सोपा नियम असा : शंका आली तर हृदयाचेच समजा. भीतीचा झटका आहे हे ठरवण्याचा अधिकार तपासणीनंतर डॉक्टरांचा. घरच्यांचा नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि रुग्णाचाही नाही.

आणखी एक गोष्ट. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तरी घाम, थरथर आणि धडधड अशीच होते. घरी साखर मोजायचे यंत्र असेल तर ताबडतोब मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल आणि साखर उतरल्याची शंका असेल, तर माणूस शुद्धीवर असताना तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. थायरॉइड वाढणे, रक्त फार कमी होणे, हृदयाचे ठोके चुकणे, दम्याच्या पंपातले औषध, दारू एकदम तोडणे यांतूनही असेच वाटते. हे सारे तपासात कळते.

झटका आला तर काय करावे?

१. माणसाला जिथे आहे तिथे टेकवून बसवा. कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. चालवू नका. जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणा.

२. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिलेली असेल तर बसवूनच एक द्या. ती दिल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून उभे राहू देऊ नका. ज्याला लिहून दिलेली नाही त्याला शेजारच्या घरातली गोळी देऊ नका. लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट जीवघेणी ठरू शकते. हे सांगायला पुरुषांनी लाजू नये.

३. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर वाट पाहू नका. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिचे भाडे पडत नाही. ती यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने, जिथे ईसीजी निघतो अशा जवळच्या इस्पितळात न्या. रुग्णाला स्वतः दुचाकी चालवू देऊ नका.

४. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि पोटातून रक्त जाण्याचा त्रास झालेला नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्यावे. शंका असेल तर १०८ वर विचारून द्या.

५. वाट पाहताना त्याच्यासोबत सावकाश श्वास घ्या. मनात चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. दुखणे कोणतेही असो, याने नुकसान होत नाही. मात्र कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. हृदयाच्या रुग्णाचा प्राणवायू त्याने कमी होतो. जोरजोरात खोकल्याने अटॅक थांबतो, असा जो निरोप मोबाईलवर फिरतो, त्यातही तथ्य नाही.

६. जुने ईसीजी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. पहिला ईसीजी चांगला आला तरी घाईने परतू नका. अटॅकच्या सुरुवातीला तो चांगला येऊ शकतो. ट्रोपोनिन नावाची रक्ताची चाचणी काही तासांनी पुन्हा करावी लागते, ती होऊ द्या.

हार्ट अटॅक असेल तर पहिले एक-दोन तास सोन्याच्या मोलाचे असतात. म्हणून 'मागच्या वेळी काही निघाले नव्हते' या कारणासाठी कधीही थांबू नका. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत पोरगा खोटे बोलत होता. आपला माणूस खोटे बोलत नाही. त्याला दर वेळी खरोखरच तसे वाटते.

हृदय ठीक निघाले, मग पुढे?

अर्धे काम इथून सुरू होते आणि बहुतेक घरे इथेच थांबतात. भीतीचा आजार औषधाने आणि शिकवणीने बरा होतो. त्यासाठी मानसोपचार विभागात जावे लागते. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिका इस्पितळांत तो विभाग आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. "डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला? मी काय येरवड्याला जायच्या लायकीचा आहे का?" असे पुरुषमाणसे म्हणतात. पायाचे हाड मोडले तर हाडाच्या डॉक्टरकडे जातो, तसेच हे आहे. काही घरांत याला 'बाहेरचे' समजून उतारा टाकतात, ताईत बांधतात. बुवाच्या दारात गेलेला वेळ आणि पैसा हृदयाच्या रुग्णाला परवडत नाही.

उपचाराचा एक भाग बोलण्याचा आणि सरावाचा असतो. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे माणसाला थोडेथोडे करून अनुभवायला शिकवतात. अँजिओप्लास्टीनंतर कित्येक जण जिना टाळतात, नातवंडाला उचलत नाहीत, एकटे बाहेर पडत नाहीत, पत्नीजवळ जायला घाबरतात. जेवढे टाळावे तेवढी भीती वाढते. डॉक्टरांनी ट्रेडमिलची चाचणी वगैरे करून परवानगी दिल्यावर रोज थोडे चालणे वाढवावे. पुढे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालणे झाले, तर ते नळ्यांना हितकारक आणि भीतीवरही उतारा.

दुसरा भाग औषधांचा. हृदयाच्या रुग्णांना सर्ट्रालिनसारखी औषधे दिली जातात. यांची सवय लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत बेचैनी थोडी वाढूही शकते, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करतात. चार दिवसांत गोळी सोडून देऊ नये. तुम्ही अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेता हे त्या डॉक्टरांना सांगा, कारण दोन्ही मिळून रक्त वाहण्याचा धोका वाढतो. शौच काळे झाले तर लगेच दाखवा. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही जुनी औषधे हृदयाच्या रुग्णात सहसा टाळतात. अल्प्राझोलमसारखी गोळी तात्काळ शांत करते, पण तिची सवय लागते. दुकानातून परस्पर आणून ती रोज घेऊ नका. तसेच मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी 'बरे वाटते' म्हणून एकदम बंद करू नका. तिच्या अचानक बंद होण्याने धडधड आणि अंजायना दोन्ही उसळतात.

तंबाखू, मशेरी, गुटखा आणि बिडी यांबद्दल पुष्कळांचा गैरसमज आहे की त्याने 'डोके शांत राहते'. निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. तलफ पुरी झाल्याचे समाधान म्हणजे शांती नव्हे. दारूने रात्री झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटे धडधड दुपटीने येते. कडक चहाही दिवसातून दोन कपांवर आणावा.

घरच्यांनी आणि वस्तीने काय करावे?

"नाटके करतो," "मनावर घेऊ नका," "पोरासारखे काय रडता," ही वाक्ये घरातून हद्दपार करा. झटका ओसरल्यावर "कामावर काही झालं का? पैशाची काळजी आहे का?" असे जवळ बसून विचारा. कंत्राटी नोकरी, दिवसपाळी-रातपाळी, इस्पितळाचे कर्ज यांचा घोर छातीवर बसतो, तो मोकळा झाला पाहिजे. मात्र चोवीस तास पहारा ठेवून, "हे उचलू नका, तिकडे जाऊ नका," असे सांगत राहणेही चुकीचे. डॉक्टरांनी जे करायला सांगितले आहे ते त्याला करू द्या. रात्री उठून धावणाऱ्या पत्नीच्याही झोपेची आणि रक्तदाबाची चौकशी करा. सोसणारी तीही आहे.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी थांबू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टी आणि बायपास विनामूल्य होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर ते कार्ड वापरा. ते आपल्या घामाचे आहे. मनाच्या दुखण्यासाठी 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र कधीही फोन करून मराठीत बोलता येते. पण छातीत दुखत असताना हा क्रमांक फिरवू नका, तेव्हा १०८ च.

महिला मंडळांनी आणि तरुणांनी वस्तीत रक्तदाब व साखर तपासण्याचे शिबीर भरवले तर त्यात एक प्रश्न जरूर विचारावा : "रात्री घाबरून उठता का?" हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून माणसे सांगत नाहीत.

शेवटी एक काम आजच करा. वहीचा एक कागद घ्या. त्यावर रुग्णाचे नाव, वय, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची अॅलर्जी, स्टेंट कधी बसला, ईसीजी निघणारे जवळचे इस्पितळ, १०८ आणि रिक्षावाल्या शेजाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. खाली एक ओळ लिहा : हृदय ठीक निघाल्यावर मानसोपचार विभागाची तारीख घेणे. घरातल्या शाळकरी मुलालाही तो कागद वाचून दाखवा. धावपळीच्या वेळी मोठ्यांना जे सुचत नाही, ते पोरे नेमके वाचून सांगतात.